प्रज्ञेशने लावलेली पानं

इंग्लंडमधल्या स्मेदिकच्या फाउंड्रीत यादवराव गोंडाणे साचे भरायचे. वाळू ठोकून साचा बसवायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडून माल काढायचा. वाळू नीट ठोकली नसेल तर लोखंड आपली जागा सोडून भलतीकडे जातं आणि सगळ्या टोळीचा दिवस मातीत जातो. नव्या माणसाने साचा भरला की यादवराव अंगठ्याने दाबून बघायचे. जरा जरी दबला तरी बुटाने मोडायचे. माणूस गोरा असो, पंजाबी असो की जमैकाचा, त्यांना एकच शब्द पुरायचा. "अगेन." पुढे त्यांचं नावच 'अगेन' पडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि वाईट वाटत नव्हतं.

फाउंड्री बंद पडली. तिथे आता फ्लॅट आहेत. यादवराव बसडेपोत बस धुवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हात रिकामे झाले तेव्हा त्यांनी लिहायला घेतलं. सकाळी अंघोळ, मग त्रिशरण, मग जेवणाच्या टेबलावर फुलस्केप कागद. दोन पानं झाल्याशिवाय जेवायचं नाही असा नियम होता. त्यांच्या बायकोने, रंभाबाईंनी, हा नियम केलेला नव्हता, पण जेवायला त्याही थांबायच्या. रंभाबाई हॉस्पिटलात नर्स होत्या. खरं तर या देशात आधी त्या आल्या आणि यादवराव त्यांच्या मागून आले. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत आहे.

पुस्तकाचं नाव त्यांनी ठेवलं 'लोखंड पाणी होतं तेव्हा'. पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवलं. त्याने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने वर्षभराने कळवलं की विषय मर्यादित आहे. यादवरावांनी तिसरा शोधला नाही. लायब्ररीत शनिवारी सकाळी फुकट वर्ग होता, आपलं पुस्तक आपणच काढायला शिकवणारा. ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. आजूबाजूला मांजरांवर, खुनांवर आणि घटस्फोटांवर लिहिणारे लोक. शिकवणारी बाई पानाचा आकार, समास, पुस्तकाचा क्रमांक, मागच्या बाजूचा बारकोड असं एकेक सांगत होती. ती म्हणाली, आधी एकच प्रत छापून मागवा, ती तपासा, चुका काढा, मगच पुस्तक विक्रीला सोडा. हे त्यांना फार पटलं. बाकीचे लोक प्रश्न विचारत होते की चित्रपटाचे हक्क कसे विकायचे. यादवरावांनी मनात त्या सगळ्यांचे साचे मोडून टाकले.

पण कॉम्प्युटरवर त्यांचा हात चालेना. म्हणून प्रज्ञेश आला.

प्रज्ञेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चाळिशीला आलेला. लीड्सच्या एका शाळेत अपंग मुलांना सांभाळतो. भरवतो, बूट घालतो, एखादं मूल किंचाळायला लागलं की त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहतो, ते थांबेपर्यंत. यादवराव याला काम म्हणत नसत. कुणी विचारलं तर "शाळेत असतो" एवढंच सांगायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला शिक्षक वाटावा. इंजिनियरिंग अर्धवट सोडलं तेव्हा बापलेकांत जे झालं, त्यानंतर प्रज्ञेश कित्येक वर्षं घरी आला नव्हता. आईला फोन करायचा, तोही बाप बाहेर गेल्याची वेळ बघून. रंभाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आला, आणि मग येत राहिला, एक शनिवार सोडून एक. पण बापाशी बोलायचं काय? एम वन हायवेवर गर्दी होती का? होती. पाऊस? थोडा. मग दोघं टीव्हीकडे बघत बसायचे.

पुस्तकाने त्यांना टेबल दिलं. आता मुलगा आला की लॅपटॉप उघडायचा आणि शेजारी खुर्ची ओढून बाप बसायचा. खांद्याला खांदा. रंभाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या आणि आत जाऊन उगीच नळ सोडायच्या. काम संपलं की हा येणं बंद करील का, याची धास्ती दोघांनाही होती. बोलत कुणीच नव्हतं.

काम मोठं होतं. यादवरावांनी हस्तलिखित कामठीला भाच्याकडे पाठवून तिथल्या टाइपिस्टकडून टाइप करून घेतलं होतं. त्याने ते जुन्या काळच्या फाँटमध्ये केलं. इथे उघडलं की अक्षरांच्या जागी सगळा कचरा. प्रज्ञेशने कुठून तरी एक प्रोग्रॅम आणला, त्यातून बरंचसं मराठी बाहेर पडलं, पण जोडाक्षरं फुटलेली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसलेल्या. आणि प्रज्ञेशला मराठी वाचता येत नव्हतं. बोलता यायचं, मोडकंतोडकं. ऐकलेलं सगळं कळायचं. अक्षर मात्र एक ओळखत नव्हता.

त्याने काय करावं? प्रत्येक अक्षराचा आकार कागदावर काढून भिंतीला लावला. मग हस्तलिखिताचं पान डावीकडे, स्क्रीन उजवीकडे, आणि आकाराला आकार जुळवत ओळीमागून ओळ. विणकाम करणारी बाई टाके मोजते तसा. लीड्सला घरीही शाळेतून आल्यावर तेच. यादवराव शेजारी बसून बघायचे. एकदा त्यांना वाटलं, हा पोरगा असा बसू शकतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं. तोंडाने म्हणाले, "इथे जागा जास्त सुटलीय."

"कुठे? ओके. केला."

"केली."

"केली," प्रज्ञेश म्हणाला आणि हसला. "बाबा, फोनने ट्रान्सलेट करून बघू शकतो मी. पण नाही करणार. मशीनमधून नको. झाला की तुम्ही मला वाचून दाखवा. फुल बुक. डील?"

"बघू," यादवराव म्हणाले.

"मी आहे का त्यात?"

"तुझं नाव कुठेच नाही."

"थँक गॉड," म्हणून प्रज्ञेश पुन्हा आकार जुळवायला लागला.

नाव खरंच नव्हतं. नाव घालायची गरजच नव्हती. त्या रात्री रंभाबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "ते पान काढा."

"कोणतं?"

"कोणतं ते तुम्हाला माहीत आहे. फाउंड्रीतलं. त्याचं."

"घडलं ते लिहिलंय. एक शब्द खोटा नाही."

"खोटं आहे असं मी म्हटलंच नाही. त्यानं वाचलं तर?"

"त्याला वाचता येत नाही."

"कुणामुळे येत नाही?" रंभाबाई म्हणाल्या. "मी रात्रपाळीवरून येऊन त्याला बाराखडी शिकवायला बसायचे. त्या पाटीवर पाय देऊन कोण म्हणालं होतं, आधी इथली शाळा धड कर म्हणून?"

रंभाबाईंनी फडकं वाळत घातलं. त्यांनी मुलालाही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो उठून गेला असता, आणि त्यांना शनिवार हवा होता.

पहिली तपासणीची प्रत आली. यादवरावांनी खुणा करून ती लाल करून टाकली. प्रज्ञेशने सगळं दुरुस्त केलं. दुसरी आली, तीही लाल झाली. तिसरीला समास कमी पडला, पुस्तक उघडलं की ओळींची टोकं शिवणीत जायची. प्रज्ञेशने सगळी पानं परत लावली, पहिल्यापासून. कुरकुर नाही. चौथी प्रत यादवराव आठवडाभर वाचत होते. शनिवारी ती टेबलावर ठेवून म्हणाले, "ठीक."

प्रज्ञेश बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसल्यासारखा बसला. मग आत जाऊन आईला म्हणाला, "आई, ही सेड ठीक!"

पुस्तक विक्रीला लागलं आणि कुणी घेतलं नाही.

मिडलँड्सच्या मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिथे यादवरावांनी मुखपृष्ठाचं चित्र टाकलं. हात जोडलेली, टाळ्यांची, फुलांची चित्रं आली. 'अभिनंदन काका', 'अभिमान वाटतो'. मंडळाचे अध्यक्ष श्रीनिवास टेंभे, निवृत्त डॉक्टर, यांनी फोन करून सांगितलं, "सहीची प्रत द्या हं आम्हाला. कधीही आणून द्या, आम्ही घरीच असतो." अशा भेटप्रती यादवरावांनी बसने घरोघर पोचवल्या. लोकांनी चहा दिला. पुस्तक चहाच्या कपाखाली ठेवलं. महिन्याभराने कुणाला विचारलं तर तो म्हणायचा, वाचायचंय, निवांत.

ही तीच मंडळी होती जी पूर्वी आडनाव विचारून पुढे विषय बदलायची. यादवराव कधी मंडळाच्या कार्यक्रमाला गेले तर मागे उभे राहायचे. आता त्यांना या लोकांनी आपलं वाचावं असं वाटत होतं. का वाटत होतं, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. पण वाटत होतं, आणि ते मनातून जाईना.

रीडिंग गावची देविका नावाची एक बाई मराठी लेखकांसाठी ऑनलाइन वर्ग घ्यायची, पुस्तक लोकांपर्यंत कसं न्यावं याचा. दिवसा कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. यादवराव त्या वर्गाला बसले. कॅमेरा चालू, पाठ ताठ.

"काका, तुमच्या पोस्ट मी बघितल्या," देविका म्हणाली. "रागावू नका हं, पण त्या सत्कारसमारंभासारख्या आहेत. भट्टी कशी पेटवतात, कामगारांची एकी. छान आहे. पण लोक स्क्रोल करतात. लोकांना थांबवायचं असेल तर बोचलं पाहिजे."

"म्हणजे काय टाकू?"

"असं करा. काकूंनी पुस्तक वाचलंय ना? कुठल्या पानावर काकू तुमच्यावर चिडल्या?"

यादवरावांनी कॅमेऱ्यावरून नजर काढली.

"आहे ना एक? बघा! तेच टाका," देविका म्हणाली आणि पुढच्या लेखकाकडे वळली.

ते पान असं होतं:

'माझा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. सुट्टीत त्याला फाउंड्रीत झाडलोटीला लावला होता. लोखंड ओतायला लागले तसा तो मागे सरला आणि माझ्या भरलेल्या साच्यांवर पडला. उठला तेव्हा त्याची पँट पुढून ओली झाली होती. तो नळाकडे पळायला बघत होता. मी त्याचा दंड धरला आणि सगळ्यांसमोर तसाच उभा केला, शिफ्ट सुटेपर्यंत. एक भित्रा माणूस डोळ्यांसमोर असला की बाकीचे नीट काम करतात. माझ्या रक्तातून शरीर आलं, काम आलं नाही.'

शनिवारी प्रज्ञेश आला. चित्र बनवायचं होतं, उताऱ्याचं, फोनवर पाठवण्याजोगं. प्रज्ञेश त्याला कार्ड म्हणायचा.

"कोणता पॅरा, बाबा?"

यादवरावांचं बोट पानावरून फिरलं. भट्टीच्या प्रकरणावर थांबलं. पुढे सरकलं. या प्रकरणाची पोस्ट आधी टाकून झाली होती, दोघांनी हात जोडले होते, त्यातला एक भाचा होता. बोट आणखी पुढे गेलं.

"हा."

प्रज्ञेशने उतारा उचलला. मागे काळोख ठेवला, खालून लाल उजेड दिला. अक्षरं पांढरी. ओळी कुठे तुटाव्यात हे तो डोळे बारीक करून बघत होता. वाचता येत नसूनही त्याने ओळी अशा तोडल्या की वजन बरोबर शेवटच्या ओळीवर आलं. मग एका शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "हा शब्द छान दिसते. शेप. काय आहे?"

शब्द 'भित्रा' होता.

"भट्टी," यादवराव म्हणाले.

"भट्टी," प्रज्ञेश म्हणाला आणि तो शब्द त्याने जरा मोठा केला.

चित्र मंडळाच्या ग्रुपवर गेलं. तासाभरात लंडनच्या ग्रुपवर, संध्याकाळी रीडिंगच्या, दुसऱ्या दिवशी नागपुरात. 'असे बाप आता राहिले नाहीत.' 'माझ्या मुलाला वाचून दाखवलं, गपचूप अभ्यासाला बसला.' 'हल्लीच्या पिढीला हेच पाहिजे.' कुणी विचारलं, पुढे काय झालं हो त्या मुलाचं? कुणी तरी उत्तर दिलं, 'लीड्सला आया आहे म्हणे.' आणि पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारं चित्र. त्याखाली तशीच आणखी चित्रं, रांगेने.

पुस्तक विकलं जायला लागलं. प्रज्ञेश लीड्सहून रोज फोन करायचा. "बाबा, सेल्सचा ग्राफ बघितला? माझा कार्डने झालं ते! शाळेत सगळ्यांना दाखवला मी. माय डॅड्स बुक." फोन ठेवला की यादवराव रंभाबाईंकडे बघत नसत.

मग टेंभ्यांचा फोन आला. मंडळ कार्यक्रम करणार होतं, लेखकाशी गप्पा आणि वाचन. यादवरावांनी कोट इस्त्री केला. त्यांनी वाचनासाठी पहिली भट्टी पेटवली त्या सकाळचं प्रकरण निवडलं, घरी मोठ्याने वाचून घड्याळ लावून पाहिलं. प्रज्ञेश म्हणाला, मी मागे पुस्तकांचं टेबल सांभाळतो. "शेवटी ऐकायला तरी मिळेल. तुम्ही प्रॉमिस केला होता."

"मुलाला नेऊ नका," रंभाबाई म्हणाल्या.

"मी भट्टीचं वाचणार आहे."

हॉल भरला होता. बटाटेवड्यांचा वास, ओल्या कोटांचा वास. यादवराव स्टेजवर, रंभाबाई पहिल्या रांगेत, प्रज्ञेश सगळ्यांच्या मागे दाराजवळ, पुढे पुस्तकांच्या चळती कडेला कड लावून रचलेल्या. टेंभे बोलले. शाल झाली, नारळ झाला. यादवरावांनी वाचायला घेतलं. भट्टी पेटेपर्यंत लोक ऐकत होते. मग खोकले सुरू झाले. एक जण वड्यांकडे बघून आला.

टेंभे हळूच माइककडे झुकले. "काका, सुंदर. पण आता तो उतारा होऊन जाऊ द्या. त्यासाठीच तर आलेत सगळे."

"कोणता?" यादवरावांनी विचारलं. त्यांना वेळ हवा होता.

"अहो, तो ओल्या पँटचा!" तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाली, आणि हॉल हसला.

मागे प्रज्ञेशने मान वर केली.

यादवरावांना तो स्पष्ट दिसत होता. रंभाबाईंनी मान हलवली, नको. तेवढीच, कुणाच्या लक्षात येणार नाही इतपत. पुस्तक मिटायला एक हात पुरला असता. घसा बसलाय म्हटलं असतं तरी लोकांनी वडे खाल्ले असते. पण समोर हे सगळे लोक पुढे झुकून बसले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते यादवरावांच्या तोंडाकडे बघत होते. आणि शिवाय, कुणाचं तोंड बघून त्यांनी कधी काम अर्धं सोडलं नव्हतं. जे लिहिलंय ते वाचायला भ्यायचं, तर मग लिहायचं कशाला?

त्यांनी पान काढलं आणि वाचलं. खणखणीत आवाजात, एक शब्द न गाळता. 'माझा मुलगा' म्हणताना आवाज हलला नाही. पँटच्या ओळीला लोक हसले. हे त्यांना अपेक्षित नव्हतं. लिहिताना त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. ते हसू ओसरेपर्यंत थांबले आणि पुढे वाचलं. शेवटच्या ओळीला टाळ्या पडल्या. मागची माणसं उभी राहिली, त्यामुळे प्रज्ञेश दिसेनासा झाला.

तो निघून गेला असेल असं त्यांना वाटलं. गेला नव्हता. टेबलाशी रांग लागली होती आणि तो एकेकाला पुस्तक देत होता. थँक यू म्हणत होता. स्टेजवरून उतरून यादवराव जवळ आले तेव्हा एक गृहस्थ त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

"तूच का तो? अरे वा! मग, सुधारलास की नाही?"

"हो काका," प्रज्ञेश म्हणाला. "सही बाबा करतील. तिकडे."

"कोरडा आहे ना आता?" मागून दुसरा म्हणाला.

"हो काका."

सगळी पुस्तकं गेली. प्रज्ञेशने टेबल मिटलं, खुर्च्या रचायला मदत केली, वड्यांच्या कागदी थाळ्या गोळा केल्या. मग गाडी दाराशी आणून आईला हात देऊन बसवलं. गुडघा आपटू नये म्हणून दार धरून उभा राहिला.

अर्ध्या रस्त्यात रंभाबाई म्हणाल्या, "प्रज्ञेश, बाळा..."

"आई, तुला माहीत होता?"

रंभाबाईंनी पर्स उघडून पुन्हा मिटली.

"तुला वाचता येते," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो कोट न काढता टेबलाशी बसला आणि लॅपटॉप उघडला. आता हा सगळं पुसून टाकणार, असं यादवरावांना वाटलं. पुसून टाकलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. आरडाओरडा झाला असता, आणि आरडाओरड्याला कसं उत्तर द्यायचं ते त्यांना येत होतं.

"मी ती पँट कोणाला सांगितली नव्हती," प्रज्ञेश म्हणाला. "नॉट वन पर्सन. आणि मी त्याचा कार्ड बनवला. भट्टी." त्याने पुस्तकाची फाइल उघडली. "एक सांगा, बाबा. त्यात लिहिलंय, काम आलं नाही. ओके. ही पेजेस मी लावली. सगळी. त्यात चूक आहे का?"

रंभाबाई उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीला धरून. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. 'नाही' हा शब्द लहान आहे. म्हटला असता तर खोटंही फारसं झालं नसतं.

"आहे," यादवराव म्हणाले. "बसडेपोच्या प्रकरणात. एका पानाची शेवटची ओळ सुटून पुढच्या पानावर एकटीच गेलीय. खाली पान कोरं."

"कधी बघितला?"

"चौथ्या प्रतीत."

"तेव्हा ठीक म्हणाला तुम्ही."

"तू दमला होतास."

यादवरावांनी आयुष्यात एवढी एकच चूक बघून सोडली होती. प्रज्ञेश त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर काय होतं ते यादवरावांना कळलं नाही. पोराचं तोंड वाचायची त्यांना सवय नव्हती.

त्याने ते पान काढलं. ओळ मागे घेतली, वरच्या परिच्छेदात जरा जरा जागा आवळून तिला बसवलं, पुढची पानं एकेक तपासली. नवी फाइल चढवली. मग लॅपटॉप बापाकडे वळवला. "हा लॉगइन. इथे फाइल. इथे अपलोड. इथे ऑर्डर दिसते. एकदा तुम्ही करून दाखवा."

यादवरावांनी करून दाखवलं. दुसऱ्या पायरीवर चुकले.

"परत," प्रज्ञेश म्हणाला.

त्यांनी परत केलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

"गुड. आता माझी गरज नाही," म्हणून तो उठला. आईच्या गालाला गाल लावला. लॅपटॉप टेबलावरच ठेवून गेला.

पुढच्या ठरलेल्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रंभाबाईंना फोन यायचा, यादवराव लायब्ररीत असतील अशा वेळी. काय बोललात, असं त्यांनी एकदा विचारलं. "गुडघा विचारत होता," रंभाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या खोलीत गेल्या.

पुस्तक चालत राहिलं. देविकाने वर्गात त्यांचं उदाहरण द्यायला सुरुवात केली. एके दिवशी लीड्सच्या मंडळाचं निमंत्रण आलं. यादवरावांनी लगेच होकार दिला. रंभाबाईंनी विचारलं, "उतरणार कुठे?"

"हॉटेल देतायत."

"मी येत नाही."

यादवरावांनी प्रज्ञेशला इंग्रजीतून मेसेज केला. हॉलचा पत्ता, वेळ, आणि खाली, यू कॅन कम. बराच वेळ विचार करून त्यांनी आणखी एक शब्द घातला, प्लीज. मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

लीड्सच्या हॉलमध्ये मागच्या टेबलाशी कुणी अनोळखी पोरगी बसली होती, फोनमध्ये डोकं घालून. पुस्तकांची चळत एका बाजूला कलली होती. यादवरावांनी या वेळी बसडेपोचं प्रकरण आणलं होतं. त्यांनी ते सुरू केलं, मधूनमधून दाराकडे बघत. दार दोनदा उघडलं. एकदा उशिरा आलेलं जोडपं होतं, एकदा चहावाला.

"काका, तो वाचा ना," पहिल्या रांगेतून कुणी तरी म्हणालं. "आमच्या लीड्सचाच आहे तो पोरगा." लोक हसले.

यादवरावांनी दाराकडे आणखी एकदा बघितलं. मग पान काढलं. आता त्यासाठी पुस्तकात खूण लागत नव्हती, ते आपसूक तिथेच उघडायचं. उतारा लोकांना पाठ होता. पँटची ओळ यायच्या आधीच हसू फुटलं आणि मागपर्यंत गेलं. यादवराव थांबले, हॉल पुरता शांत होईपर्यंत थांबले, आणि मग ती ओळ पहिल्यापासून नीट वाचली.